मंदीच्या काळात आमदाराकडे नेमके काय मागावे? रोजगार हमी, ग्राहक कायदा आणि आपले कोकण

खाडीकाठचा (धागाकर्ता)

यंदा शिमग्याला गावी होतो. पालखी सहाणेवर बसल्यावर गावकीची बैठक झाली आणि आमदारांना द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा वाचून दाखवण्यात आला. देवळापुढचा सभामंडप, वरच्या वाडीची पाखाडी (पायऱ्यांची वाट), वहाळावरचा साकव (लहान पूल) आणि स्मशानशेड अशा चार मागण्या होत्या, आणि चारही रास्त होत्या. पण त्याच बैठकीत मागच्या बाजूला बसलेल्या तिघी जणी आमच्या पंचक्रोशीतील काजू कारखान्यात बिया फोडण्याचे काम करत असत. तो कारखाना दिवाळीपासून बंद आहे. माझ्या शेजारी बसलेल्या काकांची मुदत ठेव एका पतपेढीत, म्हणजे सहकारी पतसंस्थेत, अडकली असून, मुदत संपूनही त्यांना ‘पुढच्या महिन्यात या’ एवढेच ऐकवले जाते. या दोन्हींविषयी निवेदनात एक ओळही नव्हती. मी तसे म्हटले तेव्हा, ‘हे काय आमदाराचे काम आहे काय?’ असा उलट प्रश्न आला, आणि त्या प्रश्नावर मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यासाठी हा धागा काढत आहे.

माझ्या मते आपण आमदाराला वाडीचा ठेकेदार समजून बसलो आहोत. आमदार निधीतून पाखाडी होते हे खरे. परंतु ज्याला आपण विधानसभेत पाठवतो त्याचे मूळ काम कायदा करणे, अंदाजपत्रकावर बोलणे आणि सरकारला प्रश्न विचारणे हे आहे. मंदी, दुष्काळ किंवा टाळेबंदी आली की या मूळ कामाची किंमत कळते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातले. १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. म्हणजे मंत्रिपद नाही, खाते नाही, तिजोरी नाही. अशा माणसाने १९६५ मध्ये विसापूर परिसरात, काम मागणाऱ्या प्रत्येकाला काम देण्याचा प्रयोग करून पाहण्याचा आग्रह धरला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला, आणि १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे खडी फोडत आणि माती वाहत होती. पाऊस पडला की असे दुष्काळी काम थांबते आणि माणसे विसरली जातात; या वेळी मात्र १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते देणे राज्याला बंधनकारक झाले, आणि न दिल्यास बेकारी भत्ता देणेही. तो भत्ता सुरुवातीला रोज एक रुपयाहून कमी नसावा एवढाच होता. रक्कम हास्यास्पद वाटेल. पण ती एका रुपयाची थकबाकी सरकारच्या नावावर मांडता येत होती, हा फरक मला फार मोठा वाटतो.

आता यातली कोकणची गोष्ट सांगतो. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप शेवटपर्यंत कोणी रीतसर मागे घेतला नाही. आमच्या वाडीत दर महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास पोस्टमन मनीऑर्डरी घेऊन येत असे. त्या उन्हाळ्यात तो यायचा तो केवळ पत्रे घेऊन, आणि आजी ओटीवरून उठतसुद्धा नसे. वडील मे महिन्यात गावी परतले ते कायमचेच. त्या वेळी रोजगार हमीचा कायदा अमलात येऊन तीन वर्षे झाली होती. तहसीलदाराकडे अर्ज करून काम मागण्याचा हक्क त्यांना होता, आणि वाडीतल्या इतर अकरा गिरणी कामगारांनाही होता. त्यांच्यापैकी एकानेही अर्ज केला नाही. ‘मुंबईत साचा चालवलेला माणूस गावात खडी फोडणार काय?’ हे वडिलांचे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. त्यांना काम मागणे म्हणजे भीक मागणे वाटले, आणि हा हक्क आहे हे त्यांना सांगायला कोणी आले नाही. आले असते तरी त्यांनी ऐकले असते की नाही, याची मला आजही शंका आहे.

विशेष म्हणजे या योजनेचा पैसा आला कुठून? १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला तो मुख्यतः याच हमीसाठी. मुंबईतील नोकरदाराच्या पगारपत्रकावर आजही दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, अशी वर्षाला २,५०० रुपयांची कपात दिसते. म्हणजे चाकरमानी मुंबईत जो कर भरत आला, त्यातून घाटावर पाझर तलाव झाले, आणि त्याच्या स्वतःच्या गावाने मात्र ‘ती योजना घाटावरची’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरवली.

तर प्रश्न असा: मंदीच्या काळात रोजगार आणि ग्राहक या दोन बाबतींत आपण आपल्या लोकप्रतिनिधीकडे नेमके काय मागावे? सभामंडपावर चर्चा नको, ती गावकीत पुरेशी होते.

अव्वल_कारकून

तुमचे लेखन आवडले. परंतु कोकणातल्या माणसाने केवळ संकोचापोटी काम मागितले नाही, हे निदान अपुरे आहे. तहसील कचेरीतील रोजगार हमी शाखेत मी बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

रोजगार हमीवरील मजुरी हजेरीवर मिळत नसे, मोजमापावर मिळत असे. हजेरीपटावर मुकादम नाव मांडतो, परंतु आठवड्याच्या शेवटी अभियंता खड्ड्याला टेप लावतो आणि जितके घनमीटर निघाले तितकेच पैसे ठरतात. काळ्या मातीत किंवा मुरमात जे काम एक जोडपे दिवसात करते, ते जांभ्याच्या कातळावर दोन दिवसांतही होत नाही. कठीण खडकासाठी वेगळे दर असतात, पण त्या दरासाठी मोजमाप पुस्तकात तशी नोंद झाली पाहिजे, आणि ती करून घेण्याइतके बळ मजुराकडे नसते. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे योजनेच्या कामांच्या ऐन हंगामात, आपल्याकडे आंबा उतरवण्याचे आणि काजू गोळा करण्याचे काम असते आणि त्याची मजुरी हमीच्या मजुरीपेक्षा जास्त असते. केंद्राच्या रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर २०२०-२१ मध्ये दिवसाला २३८ रुपये होता. त्या वर्षी आमच्या भागात बागायतदार गड्याला किती देत होते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पाझर तलाव, नालाबांध अशी जी ठरावीक कामे वरून येत, ती पठारी प्रदेश डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असत.

ही अडचण दूर झाली तीही विधिमंडळाच्या आणि सरकारच्या निर्णयानेच, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीला जोडण्यात आली. शेतकऱ्याने स्वतःच्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत खड्डे काढायचे, कलमे लावायची, आणि त्याची मजुरी व खर्च अनुदान म्हणून टप्प्याटप्प्याने तीन वर्षांत मिळायचा, तोही जगलेल्या कलमांची मोजणी करून. आज राजापूर-लांजा-देवगड पट्ट्यात ज्या काजूच्या आणि हापूसच्या बागा दिसतात, त्यांतल्या कितीतरी त्या योजनेतल्या आहेत. खडी फोडायला न गेलेला माणूस स्वतःच्या जमिनीत खड्डा खणायला आनंदाने गेला. तुमच्या वडिलांना १९८२ मध्ये ही वाट मिळाली असती तर, असा विचार तुमचा धागा वाचताना मनात आला.

आणखी एक गोष्ट आमदारांच्या कामाची. आपल्या विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती असते आणि ती जिल्ह्यांचे दौरे करते. ही समिती येणार असे कळले की कचेरीत काय धावपळ होते, ते मी पाहिले आहे. चार-चार वर्षे न सापडलेली मोजमाप पुस्तके त्या आठवड्यात सापडतात. आमच्याकडे एकदा समितीतील एका सदस्याने पाहणीच्या जागी गाडीतून उतरून सरळ मजुराला विचारले, ‘मागच्या आठवड्याचे पैसे मिळाले काय?’ आणि त्या एका प्रश्नाने जे झाले ते दहा परिपत्रकांनी झाले नसते.

सुरंगी

वरील दोन्ही प्रतिसादांत एक उणीव जाणवते. कायदा एखाद्या सभापतींच्या मनात येतो आणि मग सभागृहात संमत होतो, असे चित्र उभे राहत आहे. १९७२-७३ मध्ये मुंबईत काय चालले होते, तेही सांगायला हवे. धान्य, तेल, रॉकेल मिळत नव्हते आणि मिळाले तर परवडत नव्हते. मृणाल गोरे १९७२ मध्ये विधानसभेवर निवडून आल्या होत्या, आणि त्याच वर्षी त्या, अहिल्या रांगणेकर व इतर पक्षांतील कार्यकर्त्या महागाईविरोधी महिला आघाडीत एकत्र आल्या. लाटणे मोर्चा त्यातलाच. सभागृहात प्रश्न विचारणारी बाई दुसऱ्या दिवशी रस्त्यावर लाटणे घेऊन उभी असे, त्यामुळे मंत्र्याला उत्तर देताना ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणणे जड जाई. माझी आत्या गिरगावातून त्या मोर्चाला गेली होती. ती मूळची वेंगुर्ल्याची, आयुष्यात त्याआधी कोणत्याही मोर्चाला न गेलेली.

ग्राहक चळवळही त्याच टंचाईतून उभी राहिली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. घरोघरच्या बायकांनी गट करून महिन्याचे सामान एकत्र घ्यायचे आणि आपापसांत वाटून घ्यायचे, ही पद्धत तिथून रुजली. ग्राहक संरक्षण कायदा आला तो १९८६ च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे टंचाई आणि कायदा यांत जवळजवळ बारा वर्षे गेली, आणि ती बारा वर्षे कोणीतरी मागणी जिवंत ठेवली. लोकप्रतिनिधीकडे काय मागावे हा प्रश्न योग्यच आहे. पण मागत किती वर्षे राहावे, हाही त्याच्याच बरोबरीचा प्रश्न आहे.

कोलती

ग्राहक कायद्याचा बेकारीशी काय संबंध, हे मला अजून उमगलेले नाही. नोकरी गेलेल्या माणसाजवळ खरेदी करायला पैसेच नसतात, मग तो ग्राहक कसला?

तांडेल

वरील प्रश्नाचे उत्तर माझ्यावर बेतलेल्या प्रसंगातून देता येईल.

माझी लहान यांत्रिक होडी आहे. मी, भाऊ आणि एक खलाशी एवढेच आम्ही समुद्रात जातो. टाळेबंदीच्या वर्षी आधी बंदरे बंद झाली, मग निसर्ग वादळाने ३ जून २०२० ला आमच्या उत्तरेकडील किनाऱ्याची धूळधाण केली, आणि त्यानंतर पावसाळी बंदी होतीच. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीला जाण्यासाठी मी कर्ज काढून नवे दोन सिलिंडरचे इंजिन बसवले. दसऱ्याच्या आधीच ते भर समुद्रात बंद पडले. शेजारच्या होडीने दोरखंड टाकून आम्हाला खाडीत आणले. विक्रेत्याच्या माणसाने येऊन इंजिन उघडले, ‘पाणी शिरले आहे, हमीत बसत नाही’ असे सांगितले आणि निघून गेला. मी नोटीस पाठवली तेव्हा त्यांच्या वकिलाचे उत्तर आले की, हे इंजिन धंद्यासाठी घेतलेले आहे, त्यामुळे आपण कायद्याने ग्राहकच नाही. इकडे कर्जाचा हप्ता चालू, खलाशाला आगाऊ दिलेली रक्कम अडकलेली, आणि आम्ही तिघेही घरी बसलेलो. बेकारी आणि ग्राहक यांचा संबंध म्हणाल तर तो हा: माझे इंजिन बंद पडले त्या दिवशी तीन घरांतला रोजगार गेला.

त्या पत्राने मी हबकलो होतो. तालुक्याच्या गावी एका ग्राहक संघटनेच्या कार्यकर्त्याने मला कायद्यातील एक स्पष्टीकरण वाचून दाखवले. १९८६ च्या मूळ कायद्यात व्यापारी उद्देशाने वस्तू घेणाऱ्याला ग्राहक मानलेले नव्हते. १९९३ मध्ये संसदेने दुरुस्ती करून त्यात अशा अर्थाची भर घातली की, स्वयंरोजगारातून केवळ आपला चरितार्थ चालवण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी उद्देशाची मानली जाणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात त्याचा अर्थ उलगडला: रिक्षा स्वतः चालवणारा माणूस ग्राहक आहे, आणि त्याने एखाद-दुसरा मदतनीस घेतला म्हणून तो व्यापारी ठरत नाही. ते स्पष्टीकरण २०१९ च्या नव्या कायद्यातही आहे. त्या एका वाक्यात माझी होडी बसली.

तक्रार मी स्वतः लिहिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या कायद्यामुळे कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असले तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा लावता येतो. पूर्वी असे नव्हते. अडचण आली ती तज्ज्ञाच्या अहवालाची. इंजिनात पाणी शिरले ते चुकीच्या जोडणीमुळे, की माझ्या हलगर्जीपणामुळे, हे सांगणार कोण? शेवटी तंत्रनिकेतनातील एका अध्यापकांनी तपासणी केली. अडीच वर्षांनी निकाल लागला, इंजिनाची किंमत आणि त्यावरील व्याज मिळाले, बुडालेल्या हंगामाचे मात्र काहीच मिळाले नाही. अडीच वर्षे हा काळ कायद्याच्या दृष्टीने थोडा असेल. हप्ते भरणाऱ्याच्या दृष्टीने नाही. तेव्हा धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, आमदाराने जिल्हा आयोगातील रिकाम्या जागांविषयी प्रश्न विचारावा. अध्यक्ष किंवा सदस्य नसला की तारीख पडते, आणि माझ्या अकरा तारखांपैकी चार अशाच गेल्या.

अव्वल_कारकून

तांडेल, शेवटचा मुद्दा लाख मोलाचा आहे. राज्य आणि जिल्हा आयोगांच्या नेमणुका राज्य सरकारच्या हातात असतात, त्यामुळे हा प्रश्न विधानसभेत विचारता येतो आणि मंत्र्याला तो केंद्राकडे ढकलता येत नाही.

प्रॉव्हिडन्सकर

मी मूळचा गुहागरचा, गेली अनेक वर्षे अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात राहतो. तुलना करण्याचा मोह टाळता येत नाही, कारण हे राज्य सगळे मिळून सुमारे ४,००० चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहूनही लहान आहे. समुद्र, खाड्या, मासे आणि बंद पडलेल्या कापड गिरण्या हे सारे येथेही आहे. अमेरिकेतील पहिली यशस्वी पाण्यावर चालणारी सूतगिरणी १७९३ मध्ये येथील पॉटकेट गावी उभी राहिली, आणि आज ती संग्रहालय म्हणून उभी आहे. गिरणगावात राहिलेल्या माणसाला तिथे फिरताना चमत्कारिक वाटते.

२००८ च्या मंदीत येथील बेकारी ११ टक्क्यांच्या पलीकडे गेली. देशाचा आकडा ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर होता. येथील सिनेटर जॅक रीड हे १९९७ पासून सिनेटमध्ये आहेत, पूर्वी लष्करात होते. मंदीच्या त्या वर्षांत बेकारी भत्त्याची मुदत वाढवून घेण्यासाठी पुढाकार घेणाऱ्यांपैकी ते एक होते. एरवी २६ आठवडे मिळणारा भत्ता त्या काळात जास्त बेकारी असलेल्या राज्यांत ९९ आठवड्यांपर्यंत गेला. परंतु ही मुदतवाढ दर काही महिन्यांनी संपे आणि पुन्हा मतदान करावे लागे. २०१० च्या जूनमध्ये ती संपली, आणि लाखो लोकांचे धनादेश सात आठवड्यांच्या आसपास थांबले. २० जुलैला सिनेटमध्ये अडथळा मोडण्यासाठी लागणारी नेमकी ६० मते मिळाली, कारण त्याच दिवशी वेस्ट व्हर्जिनियाच्या एका नव्या सदस्याने शपथ घेतली होती. २१ जुलैला ओबामांनी बँका आणि कर्जदार ग्राहक यांच्याविषयीच्या डॉड-फ्रँक कायद्यावर सही केली, आणि २२ जुलैला बेकारी भत्त्याच्या मुदतवाढीवर. कोलती यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन तारखांत आहे. लोकांना फसव्या अटींवर गृहकर्जे विकली गेली, ती बुडाली, बँका अडचणीत आल्या, कारखाने बंद झाले आणि माणसे घरी बसली. आधी ग्राहक नागवला गेला, आणि पुढे तोच बेकार झाला.

रीड यांचे दुसरे काम मला अधिक आवडते. मंदीत कारखानदाराने दहातील दोघांना काढण्याऐवजी सर्वांचे काम एक दिवसाने कमी करावे, आणि बुडालेल्या दिवसाचा काही भाग बेकारी निधीतून भरून द्यावा, अशी एक पद्धत येथे राज्यपातळीवर आधीपासून होती. रीड यांनी तिला केंद्राचा पैसा मिळावा म्हणून विधेयक मांडले आणि २०१२ च्या एका मोठ्या कायद्यात ती तरतूद समाविष्ट झाली. कारागीर टिकतो, कारखाना पुन्हा चालू झाला की नवा माणूस शिकवावा लागत नाही. तुमच्या काजू कारखान्यातील त्या तिघींच्या बाबतीत हे झाले असते तर?

अव्वल_कारकून

प्रॉव्हिडन्सकर, उदाहरण बोधप्रद आहे. पण तिकडचा भत्ता मालकाकडून पगाराच्या प्रमाणात घेतलेल्या करातून उभा राहतो, आणि आपल्याकडे बिया फोडणाऱ्या बाईचे नाव बहुतेक ठिकाणी कोणत्याच पटावर नसते. ज्यांचे नाव कर्मचारी राज्य विमा योजनेत आहे त्यांच्यासाठी आपल्याकडेही तरतूद आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक आहे. १ जुलै २०१८ पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यास ९० दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळत असे, आणि टाळेबंदीच्या काळात ती ५० टक्के करण्यात आली. माझ्या पुतण्याची रत्नागिरीतील हॉटेलमधली नोकरी त्या वर्षी गेली, तेव्हा त्याच्या व्यवस्थापकाने हे नावही ऐकलेले नव्हते.

सुरंगी

म्हणजे पहिली मागणी काम मिळण्याची नव्हे, पटावर नाव येण्याची आहे. काजू कारखान्यात फोडणीचे पैसे किलोवर मिळतात. हजेरी कोणी मांडत नाही. माझ्या चुलतभावजयीने सात हंगाम काम केले. हातांची कातडी चिकाने काळी पडली आहे, तेवढाच तिच्या नोकरीचा पुरावा. ग्रामपंचायतीकडे काम मागण्याचा मार्ग तिला खुला होता. केंद्राचा २००५ चा कायदा १ एप्रिल २००८ पासून देशभर लागू झाला, आणि १०० दिवसांपुढील कामाचा खर्च महाराष्ट्र स्वतः उचलत आला. पण अर्ज दिल्यावर तारखेची पोच मिळाली पाहिजे, कारण पंधरा दिवसांची मुदत त्या पोचेपासून मोजली जाते. तिला सांगण्यात आले, ‘अर्ज ठेवून जा, काम निघाले की कळवू.’ पोच नाही म्हणजे मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणजे जिल्ह्याच्या अहवालात बेकारी नाही.

कोलती

माझा प्रश्न मागे घेतो. आता एक खराखुरा प्रश्न: धाग्याच्या सुरुवातीला ज्या काकांची ठेव अडकल्याचे लिहिले आहे, त्यांचे पुढे काय? पाच लाखांचा विमा असतो ना?

खाडीकाठचा

नाही, आणि हाच गैरसमज काकांचाही होता. फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत वाढवलेला ठेव विमा बँकांना आहे, त्यांत सहकारी बँकाही आल्या. पतसंस्थेला तो लागू नाही. पाटीवर ‘सहकारी’ आणि ‘मर्यादित’ हे दोन शब्द दोन्हीकडे सारखेच असतात, त्यामुळे सामान्य माणसाला फरक कळत नाही. काकांनी सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज केला आहे. फसवणूक असल्याचे दिसले तर राज्याचा १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा आहे, ज्याखाली संस्थेची आणि संचालकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देता येतात. हा कायदासुद्धा विधिमंडळानेच केलेला आहे. पण जप्तीनंतर लिलाव होऊन ठेवीदाराच्या हाती पैसा किती दिवसांत पडतो, हे आपल्या आमदाराने कधी सभागृहात विचारलेले मी तरी ऐकलेले नाही.

इथल्या प्रतिसादांच्या आधारे मी निवेदनाचा मसुदा नव्याने लिहिला. आमदारांनी पुढील अधिवेशनात तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते) द्यावा अशी विनंती करून तीन उपप्रश्न जोडले: तालुक्यात काम मागणाऱ्या किती अर्जांना तारखेची पोच देण्यात आली आणि किती जणांना बेकारी भत्ता मिळाला, जिल्हा ग्राहक आयोगात किती पदे किती दिवसांपासून रिक्त आहेत, आणि जिल्ह्यातील ज्या पतसंस्थांवर कारवाई सुरू आहे त्यांच्या ठेवीदारांना आजपर्यंत किती टक्के रक्कम परत मिळाली. काजू कारखान्यांतील किलोवर काम करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी व्हावी, हा चौथा मुद्दा सुरंगी यांच्या प्रतिसादावरून घेतला.

काल रात्री हा मसुदा गावकीच्या गटावर पाठवला. तिघींपैकी एकीच्या मुलाने लगेच फोन करून आईचे नाव सही करणाऱ्यांत घालायला सांगितले. अध्यक्षांचे उत्तर आज सकाळी आले. मुद्दे चांगले आहेत, सर्व घेऊ, मात्र सभामंडप पहिल्या क्रमांकावरच राहील, आणि मजकूर एका पानात बसवावा, कारण साहेब दुसरे पान वाचत नाहीत. स्मशानशेड आणि साकव एका ओळीत घेतले तर तारांकित प्रश्नासाठी अर्धे पान मिळते. तेवढ्यात तीन उपप्रश्न कसे बसवावेत, यावर अव्वल_कारकून यांनी हात फिरवला तर बरे होईल. बैठक येत्या रविवारी आहे.

अव्वल_कारकून

मसुदा व्यक्तिगत निरोपातून पाठवा. ‘किती टक्के’ ऐवजी ‘किती रुपये व किती ठेवीदारांना’ असे विचारा. टक्केवारी विचारली की उत्तर ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे येते.